जुन्या गाडीत पेट्रोलचा वास? ‘कुठून’च्या आधी ‘कधी’ विचारा

गणपतीत आमच्या खळ्यात चार गाड्या लागतात. त्यातल्या दोन पंधरा वर्षांच्या पुढच्या. रात्रभर गाडी हाकून आलेला चुलतभाऊ सकाळी चहाचा कप हातात घेऊन टेकला आणि म्हणाला, "पनवेल सोडल्यापासून डोकं धरलंय. गाडीत पेट्रोलचा वास येतोय." पडवीत बसलेल्या पाच जणांनी लगेच निदान केलं. एकजण म्हणाला कार्बोरेटर, म्हणजे जुन्या इंजिनांत हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग (त्या गाडीला कार्बोरेटरच नाही), दुसरा म्हणाला टाकीला भोक. उरलेल्या तिघांचं एकमत झालं: "हे सगळं त्या इथेनॉलमुळे!"

इथेनॉलचा मुद्दा अगदीच खोटा नाही, त्यावर पुढे येतोच. पण त्या पाच जणांपैकी एकानेही "वास कधी येतो?" असं विचारलं नाही. मीही काही वर्षांपूर्वी विचारलं नव्हतं, आणि त्यापायी गॅरेजच्या तीन फेऱ्या फुकट घालवल्या होत्या.

वास येतो म्हणजे नेमकं काय येतं?

पेट्रोल हा एकच पदार्थ नाही. शेकडो घटकांचं ते मिश्रण आहे. त्यातले काही ३५ अंशांच्या आसपासच उकळतात, तर काहींना २०० अंश लागतात. एसटी थांबली की ज्यांच्याकडे बोचकी नसतात ते आधी उतरतात, तसे पेट्रोलमधले हलके घटक आधी उडून जातात. आपल्या नाकाला लागतात ते हेच. उणे ४० अंशांच्या थंडीतसुद्धा पेट्रोलवर ठिणगीने पेट घेईल एवढी वाफ तयार होते. म्हणजे आपल्याकडच्या मे महिन्यात काय होत असेल ते बघा. डिझेलचं तसं नाही. ते बऱ्यापैकी तापल्याशिवाय तेवढी वाफ सोडत नाही, म्हणून डिझेलच्या गळतीचा वैताग जास्त आणि धोका कमी.

ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जाऊन विरत नाही, मोरीच्या पाण्यासारखी उताराच्या दिशेने सरकते आणि खड्ड्यात, पायरीखाली, गाडीच्या पायपुसण्यापाशी साचते.

पेट्रोलच्या बाबतीत आपलं नाक फार तिखट आहे. हवेच्या दहा लाख भागांत एक भाग वाफ असली तरी कळते. पेट घ्यायला मात्र दहा लाखांत साधारण चौदा हजार भाग, म्हणजे १.४ टक्के वाफ लागते. वास आला म्हणजे आता स्फोटच होणार असं नाही. नाक खूप आधी सावध करतं. अडचण एवढीच की ते थकतंही लवकर. दहा-पंधरा मिनिटं त्याच वासात बसलात की तो येईनासा होतो. "मघाशी येत होता, आता गेला" असं म्हणणाऱ्याला पाच मिनिटं बाहेर उभं करा आणि परत दार उघडून आत वाकायला सांगा.

एक ढोबळ हिशेब. एक लिटर पेट्रोलची पूर्ण वाफ झाली तर ती दीडशे ते दोनशे लिटर जागा व्यापते. लहान गाडीच्या आत हवा मावते तीन हजार लिटरच्या घरात. म्हणजे बंद गाडीत साधारण पाव लिटर पेट्रोल उडालं, तरी आतली हवा पेटण्याजोगी होऊ शकते. पाव लिटर म्हणजे चहाचा एक मोठा मग. आणि तळाशी वाफ जास्त दाट असल्यामुळे तिथे त्याहून कमीही पुरतं.

वास येतोय, आता या क्षणी काय करायचं?

गाडी चालू असेल तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवा, चारही दारं आणि डिकी उघडी टाका. बोनेट लगेच उघडू नका. खालून धूर नाही ना, थेंब पडत नाहीत ना, ते आधी बघा. थेंब पडत असतील तर पुन्हा स्टार्ट मारायचा नाही, गाडी ओढून न्यायची. सेकंदाला एक थेंब म्हणजे तासाला दीडशे-पावणेदोनशे मिली. बघताना ‘थोडं थोडं गळतंय’ असं वाटतं, पण एका रात्रीत दीड-दोन लिटर पेट्रोल जमिनीवर येतं.

घरी उभी असेल तर आधी आजूबाजूला नजर टाका. आपल्याकडे गाडी पडवीला चिकटून किंवा मांगरात लावायची सवय. तिथेच पाणी तापवायची चूल, तिथेच तुळशीपुढचा दिवा, कधी गॅसचा गीझर. गाडी ढकलत मोकळ्यावर आणा. अंधारात शोधायला काडी किंवा लायटर पेटवणारे महाभाग मी पाहिलेत, म्हणून लिहितो: हातातली बॅटरी (टॉर्च) वापरा, आणि तीही लांबच पेटवून मग जवळ न्या. पेट्रोलने पेट घेतलाच तर पाण्याचा उपयोग नाही. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असतं, ते पाण्यावर तरंगत आग पुढे नेतं. कोरड्या पावडरचा छोटा अग्निशामक सीटखाली असलेला बरा.

आणि नळीने तोंडाने पेट्रोल ओढायचं नाही. घोट पोटात जाण्यापेक्षा फुफ्फुसात जाण्याची भीती जास्त. गेलाच तर उलटी करवायची नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

टाकीसुद्धा श्वास घेते

दुपारी ऊन चढलं की टाकीतलं पेट्रोल फुगतं, वाफ वाढते. रात्री गार झालं की आकसतं. रोजचा हा श्वासोच्छ्वास. टाकी पूर्ण बंद ठेवली तर ती दाबाने फुगेल किंवा आत चेपेल, म्हणून जुन्या काळी झाकणालाच बारीक भोक असायचं आणि सगळी वाफ हवेत जायची. अमेरिकेने १९७१ पासून त्यावर लगाम घातला. आपल्याकडे चारचाकींना तो पुढे लागला, आणि दुचाकींना २०१७च्या एप्रिलपासून, भारत स्टेज ४ या प्रदूषणाच्या नियमांबरोबर.

लगाम म्हणजे कोळशाने भरलेला एक डबा. गॅरेजमध्ये त्याला ‘कॅनिस्टर’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. टाकीची वाफ नळीने या डब्यात येते आणि कोळशाला चिकटून बसते. हा चुलीतला कोळसा नव्हे, खास प्रक्रिया करून सच्छिद्र केलेला. असा कोळसा आपल्या नारळाच्या करवंटीपासूनही बनतो. त्याच्या एका ग्रॅममधल्या सगळ्या बारीक भोकांचा पृष्ठभाग उलगडून पसरला तर हजार चौरस मीटरच्या घरात जातो. म्हणजे चिमूटभर कोळशात दहा गुंठे जमीन.

इंजिन गरम होऊन गाडी नीट धावू लागली की एक झडप उघडते, इंजिन या डब्यातून हवा ओढतं, कोळशाला चिकटलेली वाफ सुटते आणि इंजिनात जळून जाते. थोडक्यात, रात्री भिजलेला पंचा दिवसा वाळत घालायचा. आता पावसाळ्यातलं कपडे वाळत घालणं आठवा. घरापासून बाजार तीन किलोमीटर, इंजिन धड तापत नाही तोच गाडी बंद, असं महिनोन्महिने चाललं की डबा कधी वाळतच नाही. मग वाफ डब्यातून बाहेर.

त्या डब्याचा खरा शत्रू मात्र आपणच. पंपावर नोझल ‘टक’ करून बंद पडली की आपण म्हणतो, "राउंड फिगर करा." पंप लांब, म्हणून वरपर्यंत भरायची कोकणातली जुनी खोड. ती ‘टक’नंतरची जागा फुगण्यासाठी मोकळी ठेवलेली असते. पस्तीस लिटर पेट्रोल दहा अंशांनी तापलं की सव्वातीनशे मिलीच्या आसपास फुगतं. जमिनीखालच्या टाकीतलं गार पेट्रोल गळ्यापर्यंत भरून गाडी उन्हात लावली तर ते सव्वातीनशे मिली जाणार कुठे? वाफेच्या नळीतून थेट कोळशात. कोळसा वाफेसाठी असतो, त्यात पेट्रोल गेलं की चिखल. एकदा असा बुडालेला डबा बहुतेक वेळा बदलावाच लागतो.

वास कधी येतो, ते लिहून काढा

माझी गाडी २००३ची. आंबा घाटातून कोल्हापूरला जाताना वास यायचा. गॅरेजवाल्याने फिल्टर बदलला. पुढच्या फेरीत इंजेक्टरची, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोट्यांची सीलं. मग टाकीचं झाकण. दर वेळी तो गाडी बाजारात फिरवून आणायचा आणि म्हणायचा, "दादा, येत नाही आता." बाजारात तो कधीच येत नव्हता! शेवटी बायकोने कॅलेंडरच्या पानामागे लिहायला सुरुवात केली. तिच्या अक्षरातल्या चार ओळी अजून आहेत:

‘ता. ४. टाकी फुल, घाट चढताना, वास. ता. ११. अर्धी टाकी, तोच घाट, नाही. ता. १९. फुल, रत्नागिरी बाजार, नाही. ता. २३. हातखंब्याला फुल, साखरप्यापर्यंत नाही, घाटात वास.’

फुल टाकी अधिक चढ. अर्ध्या टाकीला नाही, सपाटीला नाही. चढावर गाडीचं तोंड वर होतं, पेट्रोल मागे सरकतं आणि टाकीच्या ज्या भागापर्यंत एरवी पोचत नाही तिथे पोचतं. म्हणजे दोष टाकीच्या वरच्या अंगाला किंवा पेट्रोल भरायच्या गळ्याला. मागच्या चाकावरचं प्लॅस्टिकचं आवरण काढलं तर ओंजळभर लाल माती निघाली आणि एका जागी ती ओली, काळपट. हुंगली, तर पेट्रोल. त्याच्या मागे गळ्याचा लोखंडी पाइप टाकीला जोडणारी जाड रबरी नळी. वरून धडधाकट, खालच्या बाजूला नखाएवढी चीर. इंजिनाच्या बाजूला जे काही बदललं होतं त्याचा याच्याशी काडीचाही संबंध नव्हता.

म्हणून वेळेवरून जागा ओळखायला शिका.

गाडी बंद करून पंधरा-वीस मिनिटांनी, बोनेटजवळ वास? इंजिन बंद झालं की त्याला गार करणारं पाणी आणि वारा थांबतो, उष्णता वर येते आणि बोनेटखालचं सगळं आणखी तापतं. कार्बोरेटरची गाडी असेल तर त्याच्या वाटीतलं पेट्रोल उकळून बाहेर येतं. थोडंसं येणं त्या जातीच्या गाड्यांना जन्मजात आहे, पण कार्बोरेटरच्या बाहेर ओल दिसली तर वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी फ्लोटची सुई नीट बसत नाही किंवा पॅकिंग गेलंय. इंजेक्शनच्या गाडीत (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर असलेल्या) अशा वेळी इंजेक्टरच्या सीलांवर आणि कॅनिस्टरवर संशय.

सकाळी पहिल्याच स्टार्टला येतो आणि पाच मिनिटांत जातो? इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवताच गाडीतला पेट्रोलचा पंप तीन बारच्या आसपास दाब चढवतो. गाडीच्या टायरमध्ये हवा असते दोन-सव्वादोन बार, त्यावरून अंदाज घ्या. रात्रभर गार होऊन आकसलेलं, कडक झालेलं रबरी कडं तेवढा दाब धरत नाही. इंजिन तापलं, रबर फुगलं की गळती आपोआप बंद. गॅरेजात गाडी पोचेपर्यंत पुरावा गायब, आणि मिस्त्रीचं म्हणणं, तुम्हाला भास होतो.

ब्लोअर लावला की येतो? आतल्या हवेचं बटण दाबून बघा, म्हणजे बाहेरची हवा घेणं बंद होईल. वास कमी झाला तर उगम बोनेटखाली, कारण बाहेरची हवा गाडी पुढच्या काचेच्या पायथ्याशी घेते. फरक पडला नाही तर मागे चला. मागच्या सीटवर बसणाऱ्यालाच जास्त येत असेल तर पंप किंवा गेज टाकीत बसवलेला असतो त्या झाकणाचं पॅकिंग बघा. बऱ्याच गाड्यांत ते मागच्या सीटखाली असतं.

धावताना, खिडक्या उघड्या असतानाच येतो आणि डोळे चुरचुरतात? तो बहुधा न जळलेल्या पेट्रोलचा, सायलेन्सरमधला वास. तो वेगळा आजार: प्लग, चोक अडकणं, सेन्सर.

आंबूस, जुन्या व्हार्निशसारखा वास येत असेल तर गळती शोधण्याआधी पेट्रोलचं वय विचारा. मुंबईकरांची गाडी गावात सहा महिने उभी असते. हलके घटक उडून गेले, उरला तो चिकट गाळ.

आणि कधीही, कुठेही, कसाही येत असेल तर डिकी उघडा. थट्टा नाही करत. आंबा-काजूच्या बागा असलेल्यांच्या डिकीत गवत कापायचं मशीन किंवा त्यासाठी नेलेला पेट्रोलचा कॅन असतो. आडवं पडलेलं मशीन झाकणातून पाझरतं, गालिचा ते पेट्रोल पितो आणि मशीन उतरवल्यावरही दोन आठवडे वास सुटत नाही. गणपतीतल्या त्या चुलतभावाच्या गाडीत हेच निघालं. निघण्याच्या आदल्या दिवशी बागेसाठी नवं मशीन घेतलं होतं, दुकानदाराने ट्रायल देऊन टाकी तशीच ठेवली होती. इथेनॉल बिचारं निर्दोष.

आता हात घाला

इंजिन थंड, जागा मोकळी, बिडी-सिगारेट लांब.

पहिलं काम ऑइलची पट्टी. काढून हुंगा. पेट्रोलचा वास असेल आणि पातळी आपोआप वाढलेली दिसली तर जुन्या कार्बोरेटर गाडीत यांत्रिक पंपाचा पडदा फाटून पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. ती गाडी तशी चालवायची नाही, पातळ झालेल्या ऑइलने इंजिन खलास होतं.

मग रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरा. पेट्रोल सकाळपर्यंत उडून जातं पण कडेने पिवळट डाग मागे राहतो. पुठ्ठ्यावर गाडीच्या चाकांची जागा पेनाने आखून ठेवा, नाहीतर सकाळी पुठ्ठा हातात घेऊन डाग कुठल्या बाजूचा यावर वाद.

गळती नुसती वाफेची असेल तर पुठ्ठा काही सांगत नाही. तिथे मला चिंध्यांची पद्धत आवडते. धुतलेल्या सुती कापडाचे सात-आठ तुकडे, प्रत्येकावर आकडा. एकेक तुकडा एकेका सांध्यावर गुंडाळायचा: फिल्टरच्या दोन्ही टोकांना, कॅनिस्टरच्या नळ्यांना, झाकणाभोवती. अर्ध्या-पाऊण तासाने काढून लांब अंगणात नेऊन एकेक हुंगायचा. हुंगणारा माणूस वेगळा असावा, आतापर्यंत गाडीपाशी न आलेला. आमच्याकडे हे काम आईचं. ब्याऐंशी वर्षांची आहे, दूध लागायच्या आधी तिला कळतं.

ओल अगदी बारीक असेल तर कोरड्या नळीवर टाल्कम पावडर मारा, ओघळ उमटतो. नळ्या बोटाने वाकवून बघा. बाहेरून गुळगुळीत दिसणारी नळी वाकवली की तिच्या पाठीवर भेगा उमटतात. टोकाशी फुगलेली, चिकट किंवा खडखडीत झालेली नळी बाद. चालू इंजिनाच्या जवळ मात्र हे काही करायचं नाही.

एवढ्यावर सापडलं नाही तर पुढचं काम गॅरेजचं. मोठ्या गॅरेजात वाफेच्या नळ्यांमध्ये हलक्या दाबाने धूर सोडतात, जिथून धूर निघतो तिथे भोक.

‘पण हे इथेनॉलमुळेच ना?’

सगळं नाही, थोडं नक्की. भारतात ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, २०२३ पासून पंपांवर यायला लागलं आणि २०२५पर्यंत सगळीकडे पसरलं. जुन्या गाड्यांतलं रबर या मिश्रणासाठी निवडलेलं नव्हतं. इथेनॉल साध्या रबरात मुरतं, ते फुगतं, मऊ पडतं. गाडी उभी राहून नळी कोरडी पडली की तेच रबर आकसून तडकतं. नव्या गाड्यांत त्यासाठी वेगळं, फ्लोरिन असलेलं रबर वापरतात. २०२५च्या ऑगस्टमध्ये या विषयावर गदारोळ झाला तेव्हा पेट्रोलियम मंत्रालयानेही काही जुन्या गाड्यांत रबरी भाग आणि गॅस्केटं लवकर बदलावी लागू शकतात हे मान्य केलं, आणि ते काम स्वस्त आहे असंही सांगितलं.

दुसरी गोष्ट पाण्याची. इथेनॉल हवेतली ओल धरतं. आपल्याकडची पावसाळी हवा, अर्धी रिकामी टाकी, चार महिने उभी गाडी. पाण्याचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतं, वर पेट्रोल. तळातल्या थराने लोखंडी टाकी आतून गंजते.

पण वीस वर्षांची नळी इथेनॉल नसतं तरी गेलीच असती. दोष कोणाच्या माथी मारायचा यावर पडवीत खुशाल वाद घाला, नळी बदलल्यावर.

‘खाऱ्या हवेने वास कसा येईल?’

वास नाही येत, गंज येतो. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात समुद्रावरून येणारं मीठ. गाडीखालून जाणारे लोखंडी पेट्रोल पाइप जिथे पट्टीने आवळलेले असतात तिथे चिखल अडकतो आणि ओलावा महिनोन्महिने राहतो. पाइप मधे चकचकीत आणि पट्टीखाली कागदासारखा झालेला, असं हमखास सापडतं. टाकीच्या पट्ट्यांखालीही तेच. किनाऱ्याला राहणाऱ्यांनी पावसाळा संपला की गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्यावी, चाकांच्या वरच्या खोबणीतली माती काढावी.

इथले दोन आरोपी मुंबईच्या मिस्त्रीला सुचत नाहीत. एक उंदीर. उभ्या गाडीच्या बोनेटखाली त्यांचं बाळंतपण होतं आणि नळ्या कुरतडल्या जातात. दुसरी कुंभारीण माशी, भिंतीवर मातीची घरटी करणारी. तिला पेन्सिलीएवढ्या भोकाचं भारी आकर्षण. टाकीच्या श्वासाच्या नळीचं उघडं तोंड तिने लिंपलं की टाकीत दाब साचतो आणि वाफ दुसरीकडून वाट काढते. पेट्रोल भरताना झाकण उघडलं की जोरात ‘फुस्स’ होत असेल तर ती नळी बघाच.

‘साबण लावलाय, चाललंय की’

गळक्या टाकीला कपड्याच्या साबणाची वडी चोळायची युक्ती जुनी आहे आणि खरी आहे. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. पण पाण्यात विरघळतो! आषाढात साबणाच्या भरवशावर घाट चढायचा असेल तर चढा बापडे. गॅरेजपर्यंत पोचण्यापुरती ती सोय.

रिकाम्या टाकीला वेल्डिंग मात्र कधीच नाही. ‘पेट्रोल काढलंय, आता काय होणार’ या समजुतीने माणसं गेली आहेत. भरलेल्या टाकीत हवा थोडी असते, रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा नेमकी पेटायच्या प्रमाणात मिसळते. टाकी धुऊन, वाफ पूर्ण घालवून काम करणारा जाणकारच हवा. नाहीतर दुसरी टाकी बसवा.

नळी घेताना दुकानदाराला ‘इंजेक्शनची’ असं स्पष्ट सांगा. कार्बोरेटरच्या गाडीतला दाब नगण्य, त्यासाठीची साधी नळी तीन बारला टिकत नाही. नळीवर छापलेलं असतं: ‘जे ३० आर ७’ कमी दाबाची, ‘जे ३० आर ९’ इंजेक्शनची. नळी आवळायची जुबिली क्लिप जिवाच्या आकांताने आवळू नका, तिच्या कडा रबरात रुततात आणि सहा महिन्यांनी तिथेच चीर पडते. इंजेक्शनच्या गाडीत सांधा सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे दाब उतरतो. नाहीतर पहिली पिचकारी डोळ्यांत.

एक नळी गेली असेल तर त्याच वयाच्या बाकीच्याही बदलून टाका. लोक इथे हात आखडतात आणि मग त्याच मिस्त्रीला दोनदा मजुरी देतात.

‘पीयूसी पास आहे, मग?’

पीयूसी सायलेन्सरमधून निघालेला धूर तपासते. टाकीच्या गळ्यातून, नळीतून, कॅनिस्टरमधून जाणारी वाफ त्या तपासणीला दिसतच नाही. प्रमाणपत्र खिशात आणि पेट्रोल जमिनीवर, असं दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं.

‘जुनी गाडी म्हटली की एवढा वास यायचाच’

हे वाक्य मला गॅरेजात ऐकायला मिळालं, नातेवाइकांकडूनही मिळालं. कार्बोरेटरच्या गाडीला गरम असताना बंद केल्यावर बोनेटपाशी हलका वास येतो, तेवढं सोडून द्या. पण आत बसलेल्या माणसाला वास येणं कुठल्याही वयाच्या गाडीत चालत नाही. पेट्रोलमध्ये बेंझीन असतं, भारत स्टेज ६च्या नियमात जास्तीत जास्त एक टक्का, आणि बेंझीनने कॅन्सर होतो हे पक्कं ठरलेलं आहे. ज्यांना पेट्रोलचा वास आवडतो (आमच्या घरात एक आहे) त्यांनीही मागच्या सीटवर पोरं बसतात हे लक्षात घ्यावं.

दुरुस्तीनंतरची परीक्षा ज्या परिस्थितीत वास यायचा त्याच परिस्थितीत घ्या. माझ्या गाडीची बाजारात घेऊन उपयोग नव्हता. नवी नळी बसवल्यावर हातखंब्याला टाकी भरली, ‘टक’ झाल्यावर थांबलो. पंपावरचा पोरगा सवयीने म्हणाला, "राउंड करू?" नको म्हटलं. साखरप्याला चहा घेतला, काचा वर केल्या, ब्लोअर बंद ठेवला आणि घाट चढलो. वर पोचल्यावर बायकोने पिशवीतून कॅलेंडरचं पान काढलं आणि पाचवी ओळ लिहिली: ‘ता. ९. फुल, घाट, नाही.’